शंभर गुणांचा माणूस आणि वहीत नसलेला बचाव

बास्केटबॉलच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र मैदानावर घेतलेले नाही. ते कपडे बदलण्याच्या खोलीतले आहे. एक प्रचंड उंचीचा तरुण घामाने निथळत बसला आहे आणि त्याने हातात पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला आहे. कागदावर घाईघाईने, हातानेच एक आकडा लिहिला आहे : १००. तो दिवस २ मार्च १९६२ चा. गाव हर्शे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले, चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेले. फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला १६९ विरुद्ध १४७ असे हरवले, आणि त्या १६९ पैकी १०० गुण या एकट्या माणसाचे होते. त्याचे नाव विल्ट चेंबरलेन.

त्या रात्री सभागृहात ४,१२४ प्रेक्षक होते. दूरदर्शनचा कॅमेरा नव्हता, सामन्याची फिल्म नाही. रेडिओवरच्या वर्णनाचा काही भाग तेवढा ध्वनिफितीवर वाचला. संघाचे आकडे टिपून ठेवणारे हार्वे पोलॅक यांनी तो कागद लिहून त्याच्या हाती दिला. म्हणजे ज्या पराक्रमाबद्दल साठ वर्षांहून अधिक काळ जग बोलते आहे, त्याचा पुरावा म्हणून आपल्यापाशी मुख्यतः एक गुणपत्रक आणि एक कागदाचा कपटा आहे.

मी तीन दशकांहून अधिक काळ बँकेत काढला. उमेदीची वर्षे हाताने लिहायच्या लेजरमध्ये गेली, उतारवयाची संगणकापुढे. त्यामुळे आकडा दिसला की आधी मला तो कोणत्या वहीतला, कोणत्या सालचा, आणि कोणत्या सदराखाली लिहिलेला आहे, हे विचारावेसे वाटते. १९६२ सालचे शंभर रुपये आणि आजचे शंभर रुपये एकाच रकान्यात मांडून कोणी बेरीज करू लागला, तर शिकाऊ कारकूनसुद्धा त्याचा हात धरील. खेळांच्या बाबतीत मात्र ही बेरीज आपण रोज करतो.

आमच्या सोसायटीतली कॉलेजची मुले सकाळी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने पाहतात आणि मग जिन्यात उभी राहून वाद घालतात. त्यांच्यातल्या एका पक्षाचे मत असे, की चेंबरलेनच्या काळी बचाव नावाची गोष्टच नव्हती. बुटक्या, जेमतेम खेळाडूंच्या डोक्यावरून त्याने चेंडू टाकले. दुसऱ्या पक्षाचे मत असे, की आजकालच बचाव उरलेला नाही. नुसते हात लावले तरी शिट्टी वाजते. गावसकर मोठा की तेंडुलकर, या वादात वाढलेल्या माझ्या पिढीला ही भाषा चांगली ओळखीची आहे. या दोन्ही पक्षांना उत्तर द्यायचे तर चेंबरलेनचे आयुष्य नीट वाचावे लागते. कारण बचाव मोजायचा कसा, या एका प्रश्नाने त्या माणसाला जन्मभर छळले.

विल्टन नॉर्मन चेंबरलेनचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. घर साध्या कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबाचे, भावंडे पुष्कळ. शाळेत असतानाच त्याची उंची सात फुटांच्या आसपास गेली. पुढे ती सात फूट एक इंच अशी नोंदली गेली. वर्तमानपत्रांनी त्याला लांब काठ्यांवर चालणाऱ्या डोंबाऱ्यावरून एक टोपणनाव दिले. ते त्याला मुळीच आवडत नसे. मित्र त्याला डिपर म्हणत, कारण दारातून जाताना त्याला मान खाली घालावी लागे. त्यातूनच पुढे बिग डिपर हे नाव आले. इंग्रजीत हे आपल्या सप्तर्षींचे नाव. हे मात्र त्याने आनंदाने मिरवले.

तो नुसता उंच असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो धावण्यात तरबेज होता, उंच उडीत निपुण होता आणि त्याच्या अंगात विलक्षण ताकद होती. १९५५ मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात गेला. त्या काळी तिथल्या अनेक उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. मैदानावर तो विद्यापीठाची शान, आणि मैदानाबाहेर जेवायला कुठे जावे हा प्रश्न.

१९५७ च्या मार्चमध्ये महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅन्ससची गाठ नॉर्थ कॅरोलिनाशी पडली. त्या संघाचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर मोठे चतुर. सुरुवातीला दोन खेळाडूंमध्ये चेंडू वर उडवतात, त्या वेळी त्यांनी चेंबरलेनसमोर आपला सर्वांत बुटका खेळाडू उभा केला. मग सामनाभर दोन-तीन माणसे त्याच्याभोवती कडे करून उभी राहिली. तीनदा जादा वेळ द्यावा लागला आणि कॅन्सस ५४ विरुद्ध ५३ असा एका गुणाने हरला. चेंबरलेन विसाव्या वर्षी हरणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. हा शिक्का पुसायला त्याला दहा वर्षे लागली, आणि तो पुरता कधीच पुसला गेला नाही.

इथे बास्केटबॉलच्या बचावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. रिंगखाली जमिनीवर एक रंगवलेला पट्टा असतो. हल्ला करणाऱ्या खेळाडूला त्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. चेंबरलेनच्या आधीच्या पिढीत जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा, चष्मा लावून खेळणारा सेंटर होता. तो रिंगखाली उभा राहिला की कोणाचेच चालत नसे. म्हणून १९५१ मध्ये एनबीएने सहा फूट रुंदीचा तो पट्टा बारा फुटांचा केला. मायकनच्या संघाविरुद्ध एक संघ १९५० मध्ये चेंडू नुसता धरून बसला आणि सामना १९ विरुद्ध १८ असा संपला. प्रेक्षक कंटाळले. अशा रटाळ खेळावर उपाय म्हणून १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत चेंडू फेकण्याची सक्ती आली. पुढे चेंबरलेनला रिंगपासून दूर ठेवण्यासाठी १९६४ मध्ये तो पट्टा बारा फुटांवरून सोळा फुटांचा झाला. थोडक्यात, या खेळात बचाव करणारे जसे पाच खेळाडू असतात तसे नियम करणारेही असतात. जो फार मोठा झाला त्याच्याविरुद्ध पंचांचे पुस्तकच बदलले गेले.

त्या वेळच्या नियमाप्रमाणे पदवीची वर्षे संपण्याआधी एनबीएत जाता येत नसे. कॉलेज सोडलेला चेंबरलेन वर्षभर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या खेळाबरोबर करमणूक करणाऱ्या संघात राहिला, आणि १९५९ मध्ये त्यांच्याबरोबर मॉस्कोपर्यंत जाऊन आला. त्याच वर्षी तो फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून एनबीएत उतरला. पहिल्याच हंगामात दर सामन्याला सरासरी ३७.६ गुण आणि २७ रीबाऊंड, म्हणजे रिंगवरून परतलेले चेंडू हस्तगत करणे. वर्षाचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

दोन वर्षांनी, १९६१-६२ च्या हंगामात, वॉरियर्सचे प्रशिक्षक म्हणून आले ते हेच फ्रँक मॅग्वायर. ज्यांनी कॅन्ससला त्याच्याभोवती कडे केले होते त्यांनीच आता त्याला मोकळे सोडले आणि सामन्याचा प्रत्येक क्षण मैदानावर ठेवले. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. चेंबरलेन त्या हंगामात सरासरी ४८.५ मिनिटे खेळला, कारण काही सामने जादा वेळेत गेले. ऐंशी सामन्यांत तो जेमतेम आठ मिनिटे बाहेर बसला, आणि तीही पंचांनी बाहेर काढल्यामुळे. सरासरी गुण ५०.४.

आता हा आकडा आपण माझ्या जुन्या पद्धतीने तपासू. त्या हंगामात प्रत्येक संघ दर सामन्याला सुमारे १०७ वेळा रिंगकडे चेंडू फेकत असे. २०२३-२४ च्या हंगामात हे प्रमाण सुमारे ८९ होते. तेव्हा शंभरातले त्रेचाळीस फटके आत जात, आता सत्तेचाळीस. म्हणजे जुना खेळ जास्त वेगवान आणि कमी नेमका होता. चेंडू जास्त वेळा चुकत आणि म्हणून रीबाऊंडही भरपूर मिळत. दर संघाला तेव्हा ७१, आता ४४ च्या खाली. चेंबरलेनचे ५०.४ गुण आजच्या वेगाला आणले तर सुमारे ४२ होतात. आजचे मोठे खेळाडू साधारण ३५ मिनिटे खेळतात, त्या मापाने ते ३० वर येतात. त्याचे त्या हंगामातले २५.७ रीबाऊंड याच पद्धतीने अकराच्या थोडे वर येतात. तीस गुण आणि अकरा रीबाऊंड हा आजही लीगच्या पहिल्या काही खेळाडूंचा हिशेब आहे. पण तो माणसांतला हिशेब आहे. पन्नासचा आकडा पुराणातला वाटतो.

सोसायटीतल्या पहिल्या पक्षाला इथे आनंद होईल. परंतु या रूपांतरात एक गफलत आहे आणि ती लक्षात घेतली पाहिजे. अठ्ठेचाळीस मिनिटे न थांबता, त्या वेगाने, एखाद्या आठवड्यात चार-पाच सामने आणि मधले प्रवास सोसून खेळणे, हीच मुळात त्याची कामगिरी होती. ती मी भागाकाराने काढून टाकली. दुसऱ्या कोणालाच ते जमले नाही. त्याच लीगमध्ये, त्याच ढिल्या म्हणवल्या जाणाऱ्या बचावापुढे बाकीचे शंभरभर खेळाडू होते. त्यांतला दुसरा कोणी पन्नासच्या सरासरीला पोचला नाही.

हर्शेच्या रात्रीचेही असेच. निक्सचा नेहमीचा सेंटर आजारी होता. त्याच्या जागी आलेला डॅरल इमहॉफ फाऊल करून करून लवकरच बाद झाला. शेवटी वॉरियर्स फक्त चेंबरलेनलाच चेंडू देत होते, आणि त्याला शंभर करू द्यायचे नाहीत म्हणून निक्स दुसऱ्याच खेळाडूंना मुद्दाम फाऊल करत होते. सामन्याचे शेवटचे पर्व खेळापेक्षा कुस्तीसारखे झाले. चेंबरलेनने ६३ फटक्यांत ३६ गोल केले आणि ३२ फ्री थ्रोंपैकी २८ आत टाकले. शंभर हा आकडा खरा आहे, पण ती बचावाची परीक्षा नव्हती. चेंबरलेनची खरी परीक्षा पाहणारा माणूस बॉस्टनमध्ये होता.

बिल रसेल चेंबरलेनहून अडीच वर्षांनी मोठा आणि तीन इंचांनी बुटका. दूरवरून चेंडू टाकण्यात तो सामान्य होता. परंतु तो बॉस्टन सेल्टिक्सकडून तेरा हंगाम खेळला आणि त्यांपैकी अकरा वेळा त्याचा संघ विजेता ठरला. रसेलने बचावाची कल्पनाच बदलली. त्याच्याआधी बचावपटू पाय जमिनीला टेकवून उभा राहत असे. उडी मारणे हा अडाणीपणा मानला जाई. रसेल उडी मारून फेकलेला चेंडू हवेत अडवी. अडवल्यावर तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे, तर हलकेच आपल्या सहकाऱ्याकडे वळवी आणि तिथूनच सेल्टिक्सचा हल्ला सुरू होई. आपल्या मागे रसेल उभा आहे या भरवशावर बाकीचे चौघे पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्याला दाबत. काही दिवसांनी प्रतिस्पर्धी रिंगजवळ जायलाच कचरू लागले. रसेलने न अडवलेले, पण त्याच्या धास्तीने कोणी फेकलेच नाहीत असे चेंडू किती असतील? ते कोणत्याच वहीत नाहीत.

आमच्या व्यवसायात असे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. तालुक्याच्या शाखेतले साधे फील्ड ऑफिसर. तारण म्हणून ठेवलेल्या मालाची गोदामे ते वेळी-अवेळी जाऊन पाहत. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या कारकिर्दीत तिथे कोणी खोटा साठा दाखवण्याचे धाडस केले नाही. शेजारच्या शाखेच्या मॅनेजरने ठेवींचे उद्दिष्ट दीडपट पूर्ण केले, त्यांचा सत्कार झाला. या गृहस्थांच्या नावापुढे लिहिण्यासारखे काही नव्हते, कारण जे घडलेच नाही त्याची नोंद कुठे करणार? ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत त्या शाखेची थकबाकी इतकी वाढली, की सगळ्यांना त्यांची आठवण झाली. रसेल हा त्या जातीचा खेळाडू होता.

विशेष म्हणजे हे त्या काळच्या खेळाडूंना कळत होते. १९६१-६२ च्या हंगामात चेंबरलेनने पन्नासची सरासरी गाठली, शंभर गुण केले. तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान खेळाडूंच्या मतांनी रसेलला मिळाला. रसेलची गुणांची सरासरी एकोणीसच्याही आत होती. त्या वर्षी उपान्त्य फेरीचा सातवा, निर्णायक सामना सेल्टिक्सने १०९ विरुद्ध १०७ असा जिंकला. दहा हंगामांत हे दोघे सुमारे १४० वेळा समोरासमोर आले. चेंबरलेनने रसेलसमोर पुष्कळ गुण केले. नोव्हेंबर १९६० मध्ये तर त्याच्याविरुद्ध एका सामन्यात ५५ रीबाऊंड घेतले. पण अंतिम टप्प्याच्या मालिकांत दोघे आठदा भेटले आणि सात वेळा सेल्टिक्स जिंकले.

आजच्या मुलांना वाटते तसा तो काळ बचावाच्या दृष्टीने कोरा नव्हता, हे रसेलवरून दिसते. लीगमध्ये १९५९ साली आठच संघ होते. आज तीस आहेत. तेव्हा चेंबरलेनला एका हंगामात दहा-बारा वेळा रसेलशी झुंजावे लागे. उलट हेही खरे, की कृष्णवर्णीय खेळाडूंना एनबीएची दारे १९५० मध्ये उघडली आणि ती सावकाशच उघडत गेली. सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय असलेला पहिला संघ १९६४ च्या डिसेंबरमध्ये सेल्टिक्सनेच उतरवला. परदेशी खेळाडू तर जवळपास नव्हतेच. आज जगभरातले तरुण त्या जागांसाठी झगडतात. दोन्ही काळांच्या नावावर काही जमा आहे, काही नावे.

चेंबरलेनच्या अंगात एक व्यंग होते, आणि त्याला फक्त तोच जबाबदार होता. फाऊल झाल्यावर मिळणारे फ्री थ्रो, म्हणजे समोर कोणी नसताना पंधरा फुटांवरून निवांत टाकायचे चेंडू, त्याला जमत नसत. १९६१-६२ मध्ये त्याने ते दोन्ही हातांनी, खालून वर, आजी चेंडू टाकेल तसे टाकून पाहिले. त्याचे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले, त्याच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम. हर्शेचे २८ फ्री थ्रो असेच पडले होते. तरीही पुढे त्याने ती पद्धत सोडली, कारण ती बायकी दिसते असे त्याला वाटले. १९६७-६८ मध्ये प्रमाण ३८ टक्क्यांवर घसरले. आपल्या आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने कबूल केले आहे. साऱ्या लीगला जो बचाव साधला नाही, तो त्याच्या लाजेने साधला!

१९६५ मध्ये चेंबरलेनने वर्षाला एक लाख डॉलरचा करार केल्याची बातमी आली. लगेच रसेलने सेल्टिक्सकडून एक लाख आणि वर एक डॉलर घेतला. बँकेच्या माणसाला यातला विनोद चटकन कळतो. त्या एका डॉलरची खरेदीची किंमत शून्य, आणि अर्थ लाखाएवढा.

त्यानंतर चेंबरलेन बदलू लागला. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सचे प्रशिक्षक अॅलेक्स हॅनम यांच्या सांगण्यावरून त्याने गुण कमी केले आणि सहकाऱ्यांना चेंडू देणे वाढवले. सरासरी २४ वर आली. संघाने ६८ सामने जिंकले, १३ हरले, रसेलच्या सेल्टिक्सला ४-१ ने नमवले आणि विजेतेपद मिळवले. दहा वर्षांपूर्वीचा शिक्का तेवढ्यापुरता पुसला गेला. पुढच्या वर्षी त्याने ठरवून लीगमध्ये सर्वाधिक ७०२ असिस्ट, म्हणजे गोलाला कारण ठरलेले पास दिले. सेंटरने हे करावे, असे पूर्वी कधी झाले नव्हते.

१९६८ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला आणि पुन्हा जखम झाली. मे १९६९ चा अंतिम मालिकेचा सातवा सामना लेकर्सच्या घरच्या मैदानावर. विजयाच्या खात्रीने मालकाने छताला फुगे टांगून ठेवले होते. शेवटची काही मिनिटे उरली असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर आला. थोड्या वेळाने त्याने परत जायची तयारी दाखवली, पण प्रशिक्षकांनी त्याला बसवूनच ठेवले. सेल्टिक्स १०८ विरुद्ध १०६ असे जिंकले. फुगे छतालाच राहिले. तो रसेलचा शेवटचा सामना. निवृत्तीनंतर रसेलने विद्यार्थ्यांपुढे बोलताना चेंबरलेनने सामना अर्धवट सोडल्याची टीका केली आणि ती छापून आली. वर्षानुवर्षे सणाला एकमेकांच्या घरी जेवणारे हे दोन मित्र पुढची सुमारे वीस वर्षे बोलले नाहीत. अखेर रसेलने माफी मागितली.

माझ्या मते चेंबरलेनच्या आयुष्यातले सर्वांत मोठे पर्व त्यानंतरचे आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. १९७१ मध्ये लेकर्सचे प्रशिक्षक झाले बिल शारमन, एके काळचे रसेलचे सहकारी. त्यांनी पस्तिशीतल्या चेंबरलेनला सांगितले, की तू बचाव कर, रीबाऊंड घे आणि चेंडू पुढे दे. म्हणजे रसेल जे करत असे ते कर. आयुष्यभर ज्याच्याशी तुलना झाली त्याचे काम त्या वयात पत्करायला मोठे मन लागते. चेंबरलेनने ते पत्करले. त्याची सरासरी पन्नासवरून पंधराच्या आत आली. लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले, हंगामात ६९ विजय मिळवले आणि अंतिम मालिकेत न्यूयॉर्क निक्सला ४-१ असे हरवले. शेवटच्या सामन्यात हाताला दुखापत असताना त्याने २४ गुण आणि २९ रीबाऊंड घेतले. दहा वर्षांपूर्वी याच निक्सविरुद्ध त्याने शंभर गुण केले होते. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्याची निवड लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या संघात झाली.

१९७३ मध्ये तो एनबीएतून निवृत्त झाला. १,०४५ सामने, ३१,४१९ गुण, २३,९२४ रीबाऊंड. एवढ्या सामन्यांत फाऊलची मर्यादा ओलांडून तो एकदाही बाद झाला नाही. आणि त्याच्या निवृत्तीच्या पुढच्याच हंगामात, १९७३-७४ मध्ये, एनबीएने ब्लॉक आणि चोरलेले चेंडू अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली. चेंबरलेनने आणि रसेलने हवेत किती चेंडू अडवले, याचा एकही अधिकृत आकडा नाही. दोघांच्या अर्ध्या आयुष्याचे खाते उघडायच्या आधीच बंद झाले.

आता जिन्यातल्या दुसऱ्या पक्षाकडे वळू. आज बचाव उरला नाही, असे तो म्हणतो. पण १९७९-८० मध्ये तीन गुणांची रेषा आली. २०२३-२४ मध्ये प्रत्येक संघ सामन्याला सुमारे ३५ वेळा त्या रेषेमागून चेंडू फेकत होता. चेंबरलेनच्या काळी बचाव करणाऱ्याला रिंगभोवतालचे दहा-बारा फूट राखले की पुरे होई. आज चोवीस फुटांपर्यंत धावून जावे लागते आणि क्षणात मागे यावे लागते. २००१ मध्ये झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला परवानगी मिळाली. मात्र बचाव करणाऱ्यालाही रिंगखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांची मर्यादा आली. २००४ मध्ये हाताने प्रतिस्पर्ध्याला रोखण्यावर कडक बंदी आली. हात बांधले, पळापळ वाढली. रणजीचा गोलंदाज आणि ट्वेंटी-ट्वेंटीचा गोलंदाज यांच्या सरासऱ्या आपण शेजारी लिहीत नाही, तसेच हे आहे.

चेंबरलेन आज खेळता तर? वेग, उडी आणि ताकद या तिन्ही गोष्टी कालबाह्य होत नाहीत. शिवाय नवे काम शिकण्याची तयारी त्याने दोनदा दाखवली होती. निकोला योकिच हा सेंटर २०२१ पासूनच्या चार वर्षांत तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सहकाऱ्यांना चेंडू वाटून देण्याचे त्याचे कौशल्य पाहताना मला १९६७-६८ चा चेंबरलेन आठवतो. उलट फ्री थ्रोची त्याची अडचण आजच्या प्रशिक्षकांनी निर्दयपणे वापरली असती. २००६ मध्ये कोबे ब्रायंटने एका सामन्यात ८१ गुण केले, तेव्हा हर्शेनंतरच्या ४४ वर्षांत त्या आकड्याच्या इतके जवळ कोणी आले नव्हते. पण त्या ८१ मध्ये तीन गुणांचे फटके होते. चेंबरलेनच्या शंभरात ती सोयच नव्हती.

उत्तरायुष्यात चेंबरलेन व्हॉलीबॉल खेळला, चित्रपटात झळकला, पुस्तके लिहिली. १९९१ च्या पुस्तकात त्याने आपल्या खासगी आयुष्याविषयी एक अचाट आकडा छापला. तो कुटुंबात वाचायच्या पुरवणीत द्यावा असा नाही. लग्न न केलेल्या या माणसाला आकड्यांनी आयुष्यभर पछाडले होते, आणि शेवटी त्याने स्वतःच आणखी एक पाठीशी लावून घेतला.

जानेवारी १९९८ मध्ये तो कॅन्ससला परतला. विद्यापीठाने त्याचा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या एका गुणाच्या पराभवाने आपण सर्वांना निराश केले, असे मनात धरून तो तिकडे फिरकायचे टाळत आला होता. विद्यार्थिदशेतला जुना कोट घालून तो मैदानावर उभा राहिला आणि सभागृह उठून टाळ्या वाजवत राहिले. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी लॉस एंजेलिसच्या घरी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय ६३. शोकसभेत बिल रसेल बोलला. पुढे २०२२ मध्ये रसेलही गेला, आणि एनबीएने त्याचा सहा हा क्रमांक सर्वच संघांतून निवृत्त केला.

कोणत्या काळचा बचाव चांगला, या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर माझ्यापाशी नाही. दोन काळांच्या वह्यांची सदरे वेगळी आहेत, आणि जुन्या वहीतली काही पाने मुळात छापलीच गेली नव्हती. त्यामुळे पन्नासची सरासरी पाहून हसणारा आणि आजच्या गुणसंख्येला नाक मुरडणारा, दोघेही अर्धेच पान वाचतात. चेंबरलेनला जगाने शंभराच्या कागदासह लक्षात ठेवले. माझ्यापुरते विचाराल तर मी त्याला १९७२ सालासाठी लक्षात ठेवीन. सर्व विक्रम पदरी असताना पस्तिसाव्या वर्षी त्याने बचावाचे, कोणी न मोजणारे काम हाती घेतले आणि ते नीट पार पाडले. आपल्या प्रत्येकाच्या घरात आणि कचेरीत असे काम करणारे एखादे माणूस असते. आज रविवार आहे, सवड आहे. जमले तर त्याला दोन चांगले शब्द बोलून घ्यावेत.